कटिंगच्या टेबलावरची तिसरी

९ जानेवारी

वन्संना,

पाकीट बघून दचकू नका. घरी सगळे धडधाकट आहेत. तुमच्या भावांची बस वेळेवर सुटते, माझं शिलाई मशीन चालू आहे आणि पुढच्या खोलीतला कपड्यांचा ढीग नेहमीसारखा माझ्या कमरेला लागलाय.

पत्राचं कारण आपली बटण. जन्मली तेव्हा तुम्ही तिला हातात घेऊन ‘एवढंसं बटण’ म्हणालात आणि तेच नाव चिकटलं. ते बटण आता आठ वर्षांचं झालंय, तिसरीत आहे, आणि परवा शाळेतून चिठ्ठी घेऊन आलं. हे जाऊन बाईंना भेटून आले. बाई म्हणाल्या, ही एकेक अक्षर जोडत वाचते, ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. गणिताचं उदाहरण तर वाचूनच होत नाही, मग सुटणार कुठून? मार्चअखेर वाचनाची आणि गणिताची परीक्षा आहे. दोन्हींत निम्मे गुण मिळाले नाहीत तर ती तिसरीतच राहणार आणि बाकीचा वर्ग चौथीत जाणार.

मी हे तिला सांगणार नव्हते, पण पोरीचे कान दाराला लागलेले होते. जेवताना तिने विचारलं, "आई, मी मागे राहिले तर माझ्याशेजारी बाकावर कोण बसेल?" वन्सं, मी तिच्या पानात न मागता आणखी एक पोळी वाढली.

हे म्हणतात शिकवणी लावू. कोपऱ्यावरच्या शिकवणीत चाळीस पोरं एका सुरात पाढे ओरडतात, तिथे आपलं बटण कुठे घरंगळेल त्याचा पत्ता लागायचा नाही. आपल्या घरात शिकलेल्या म्हणाल तर तुम्हीच, आणि कामही आकड्यांचंच. महिनाभर सुट्टी काढून येता येईल का? तुमची खोली झाडून ठेवते.

तुमची,
वहिनी

१६ जानेवारी

वहिनी,

सुट्टी मिळणार नाही. धरणाच्या पाण्याची पातळी दर तासाला वाचायची आणि वहीत लिहायची हे माझं काम, आणि पाण्याला रविवार कळत नाही. फोन लागायला मागची टेकडी चढावी लागते, त्याला माझे गुडघे राजी नाहीत. शुक्रवारी सामानाची जीप येते, तिच्याबरोबर पत्रं येतात-जातात. तेव्हा काय सांगायचं ते कागदावरच सांगते.

सांगायचं म्हणजे, तूच शिकव. डोळे मोठे करू नकोस. तुझ्याकडे आठ फुटी कटिंगचं टेबल आहे, मोजायची टेप आहे, डब्याडब्यांनी बटणं आहेत. शाळेकडे याच्या निम्मंसुद्धा नसेल. गिऱ्हाइकाच्या अंगावर न बसणारा कोट तू दोन टाचण्यांत बसवतेस. पोरीच्या डोक्यात बेरीज बसवायला तुला काय धाड भरलीय?

रोज दहा मिनिटं तिला मोठ्याने वाचायला लाव, आणि त्या दहा मिनिटांत मशीन बंद. हातात सुई असली तरी चालेल, पण कान तिच्याकडे. एकच पान तीन दिवस वाचू दे. पहिल्या दिवशी ती अक्षरांशी मारामारी करेल, तिसऱ्या दिवशी तेच पान तिच्या ओळखीचं होईल. अडली तर लगेच शब्द सांगू नकोस, मनात पाचपर्यंत मोज. बहुतेक वेळा चारलाच तिला येतो. गणितासाठी पुस्तक उघडू नकोस. आधी अंदाज करायला लाव, मग टेपने मोजू दे. अंदाज चुकला तर हसा दोघी. मी इथे रोज पाण्याचा अंदाज करते आणि रोज चुकते, अजून कोणी मला मागच्या वर्गात बसवलेलं नाही.

आणि बाईंना एकदा तू स्वतः भेट. माझा भाऊ बस चालवतो चांगली, पण निरोप अर्धे आणतो.

तुझी,
धरणावरची

४ फेब्रुवारी

वन्संना,

कुठून सांगू आणि किती सांगू असं झालंय. मशीनवर तीन गणवेश अर्धे पडलेत, पण आधी हे पत्र.

पहिले आठ दिवस नुसती मारामारी होती. मी मनात पाच मोजायचे ते दातओठ खाऊन. नवव्या दिवशी बटणला पुस्तकाचा कंटाळा आला, तेव्हा मी तिला म्हटलं, मग माझ्या चिठ्ठ्या वाच. गिऱ्हाइकाच्या कपड्याला मी मापाची चिठ्ठी टाचते ना, त्या. "बाही सैल. गळा मागून खोल. कॉलर टोकदार." छोटे छोटे शब्द, आणि प्रत्येक चिठ्ठीमागे एक ओळखीचं माणूस. पोरगी त्यांच्यावर तुटूनच पडली. दुसऱ्याच दिवशी ढिगातल्या सगळ्या चिठ्ठ्या वाचून झाल्या.

मग माझी फजिती झाली. पोस्टातल्या बाई झगा न्यायला आल्या होत्या. बटणने त्यांचा झगा काढला आणि माझी चिठ्ठी एका दमात, एकही अक्षर न अडखळता वाचली. "या बाई श्वास रोखून माप देतात. कमरेला दोन इंच जास्त धरणे." मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. बाईंनी पोटातला सगळा श्वास सोडला आणि म्हणाल्या, पोरगी वाचते मात्र छान, आता खरं माप घ्या. आम्ही तिघी हसून हसून खुर्च्यांवर बसलो.

गणिताचंही असंच. आता घरात मोजल्याशिवाय काही हलत नाही. उंबऱ्यापासून मशीनपर्यंत किती? अंदाज सत्तर इंच, माप अठ्ठ्याहत्तर. यांच्या मिशा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साडेपाच इंच. हे आरशासमोर उभे राहून स्वतः मोजून आले आणि म्हणाले, पावणेसहा. मग बापलेकीचं भांडण. कापडाची घडी घालून अर्धा आणि पाव दाखवला, तर आता पोळीचीसुद्धा घडी घालून पाव खाते.

धंद्यातली मेखही शिकवली. माप घ्यायचं, हिशोब करायचा, आणि उत्तर आलं की शिवणीत जाणाऱ्या कापडासाठी एक इंच वाढवायचं. आम्ही त्याला माया म्हणतो. ती ठेवली नाही तर कपडा आकसून बसतो. उशीच्या चार खोळींचं कापड तिने असं एकटीने काढलं, आणि मी डोळे झाकून कात्री चालवली. बरोबर बसलं, वन्सं. मी तिला उचलून टेबलावर उभी केली.

बाईंना भेटायचं म्हणता, पण शाळेची पायरी नुसती बघितली की माझी जीभ टाळ्याला चिकटते. ते हेच बघतील.

तुमची,
वहिनी

१३ फेब्रुवारी

वहिनी,

तुझं पत्र मी इथल्या चौकीदारांना वाचून दाखवलं. पोस्टातल्या बाई आल्या तिथे त्यांना ठसका लागला. आता दर शुक्रवारी जीप आली की ते माझ्याआधी विचारतात, टेलरबाईचं पत्र आलं का.

सोबत बटणसाठी मोठ्या अक्षरात एक पान आहे. इथे पाणी मोजायच्या पट्टीवर रोज सकाळी नऊला एक बगळा येऊन बसतो, नेमका आकड्यावर, म्हणजे मला आकडा दिसू नये अशा बेताने. त्याची नि माझी लढाई मी लिहीत जाणार आहे. पान मुद्दाम मधेच तोडलंय. पुढे काय झालं म्हणून तिने हातपाय आपटले तर माझ्या नावाने आपटू दे.

तू शिकवते आहेस ते मला कुणी शिकवलं असतं तर मी आज या धरणाची मालकीण असते. चालू ठेव.

धरणावरची

६ मार्च

वन्संना,

बगळ्याने घर डोक्यावर घेतलंय. तुमचं पान बटणने सात वेळा वाचलं, मला, यांना, पोस्टातल्या बाईंना आणि बोहारणीला. पान जिथे तुटतं तिथे पोचली की ती कागद उलटा करून बघते, मागे काही राहिलंय का म्हणून.

हे आता मुद्दाम चुकीचं वाचतात. ‘बगळा पट्टीवर बसला’ला ‘बगळा पलंगावर झोपला’ म्हणतात. बटण ओरडते, असं नाहीये, इथे बघा. आणि बोट ठेवून नीट वाचून दाखवते. चारचौघांत बस दामटणारा माणूस घरी येऊन आठ वर्षांच्या पोरीकडून बोलणी खातो आणि वर खूश असतो.

काल तिने पुस्तकातली आंबे-लाडवांची वीस उदाहरणं सोडवली. मी तपासली. त्यात काय तपासायचं, मी पण तिच्यासारखीच टेबलावर बोटं मोडत बसले होते. सगळी बरोबर आली. परीक्षा चोवीसला आहे. वन्सं, जानेवारीत मी पोरीच्या वहीकडे बघायला घाबरायचे, आणि आता मला ही परीक्षा उद्याच व्हावी असं वाटतंय.

वहिनी

२९ मार्च

वन्संना,

गुण आले. वाचनात वीसपैकी पंधरा. बाईंनी तिला न पाहिलेला उतारा दिला होता आणि ती न थांबता वाचत गेली. हे मी आधी लिहिलं, कारण पुढचं लिहायला हात उचलत नाही.

गणितात वीसपैकी आठ. दहा उदाहरणं होती, चार बरोबर, सहा चूक. मागे ठेवायच्या मुलांची यादी बावीस एप्रिलला लागणार. बटणने पेपर माझ्या हातात दिला आणि गुपचूप टेबलाखाली जाऊन बसली.

तुम्हाला काही कळतंय का बघा, म्हणून चुकलेली सहाही उतरवून पाठवते. एका पडद्याला सात मीटर कापड तर चार पडद्यांना किती, तिने लिहिलं एकोणतीस. पस्तीस मीटर आणि चोवीस मीटर फीत मिळून किती, साठ. सहा मुलींना प्रत्येकी तीन मीटर रिबन, एकोणीस. बागेच्या चार बाजू पंधरा-पंधरा मीटर तर कुंपण किती, एकसष्ट. चाळीस मीटर भिंतीतली बावीस रंगवली तर राहिली किती, एकोणीस. दोन गावांमधलं अंतर अठरा किलोमीटर तर जाऊन येऊन किती, सदतीस. चिमण्या, गोळ्या, बाकं आणि पुस्तकाची पानं ही चार मात्र बरोबर.

घरी येत होतं ते सगळं. तिथे काय झालं? घाबरली असेल म्हणून विचारलं तर म्हणते, मी मुळीच घाबरले नाही, पेपर सोपा होता.

तुम्ही बाईंना एक पत्र लिहाल? तुमच्या पत्राला वजन येईल.

वहिनी

३ एप्रिल

वहिनी,

खाली बस, पाणी पी, आणि मग वाच. पोरगी चुकलेलीच नाही.

तुझं पत्र घेऊन मी केबिनमध्ये बसले आणि सहाही उत्तरं काढली. अठ्ठावीस, तिने एकोणतीस लिहिलं. एकोणसाठ, तिने साठ. अठराचे एकोणीस, साठाचे एकसष्ट, परत अठराचे एकोणीस, छत्तीसचे सदतीस. बघतेस ना? सहाच्या सहा ठिकाणी नेमकं एक जास्त. मी खुर्चीतून अशी उठले की चौकीदार पाणी वाढलं समजून धावत आले.

मागे इथे मोजायची पट्टी नवी बसवली तेव्हा सहा महिने माझं वाचन आणि इंजिनिअरांचं वाचन जुळेना. सगळे म्हणाले बाईंची नजर गेली. मी दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या, तर फरक रोज तेवढाच, दोन बोटं. नजर गेलेल्या माणसाची चूक आज एवढी, उद्या तेवढी असते. रोज तेवढाच फरक पडतो तेव्हा दोष पट्टीत असतो. उकरून पाहिलं तर पट्टी दोन बोटं खचलेली निघाली.

तसंच हे. चिमण्या आणि गोळ्यांना तिने काही वाढवलं नाही, कारण त्या शिवायच्या नसतात. जिथे लांबी आली तिथे तिने तुझी माया ठेवली. कापडाला ठेवली, फितीला ठेवली, कुंपणाला ठेवली, आणि दोन गावांमधल्या रस्त्यालासुद्धा ठेवली. चूक पोरीची नाही, ती तुझ्या टेबलावरून आली आहे. मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं.

आता काम सोपं आहे. शाळेत जा, बाईंना हे दाखव, आणि फेरपरीक्षा माग. काय झालं ते पुढच्या जीपने कळव, इथे सगळे वाट बघतायत.

धरणावरची

१० एप्रिल

वहिनी,

आजच्या जीपने तुझं पत्र नाही. चौकीदारांनी पोतं उलटं करून झटकलं. बाईंना भेटलीस का? यादी बावीसला लागते हे मी तुला सांगायला नको. दोन ओळी तरी पाठव.

धरणावरची

१२ एप्रिल

आत्या,

हे पत्र मी एकटीने लिहीत आहे. पोस्टातल्या बाईंनी पाकीट दिलं आणि पत्ता मी तुझ्या पत्रावरून बघून लिहिला.

आईने मला शिकवायचं बंद केलं आहे. मला कोपऱ्यावरच्या शिकवणीला घातलं आहे. तिथे खूप ओरडतात. मी चिठ्ठी वाचायला घेतली तर आई म्हणते राहू दे. तिने टेप कपाटात ठेवली आहे. दुसरी टेप वापरते, ती मला देत नाही. बाबा म्हणाले शाळेत जाऊ या. आई म्हणाली, मी गेले तर अजून बिघडेल, मी शिकवलं म्हणून ती नापास झाली.

पण मला आईच शिकवायला पाहिजे.

तुझं पत्र मी वाचलं. एक प्रश्न आहे. रस्त्याला माया का ठेवायची नाही? दोन रस्ते जोडताना शिवण कुठे जाते?

बगळ्याचं पुढचं पान पाठव.

बटण

१७ एप्रिल

वहिनी,

तुझ्या लेकीचं पत्र मिळालं. एकटीने लिहिलेलं, सतरा-अठरा ओळींचं, पत्त्यासकट. जानेवारीत ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरणारी हीच ना? मी ते पत्र चौकीदारांना दाखवलं नाही. एकटीनेच परत परत वाचलं.

माफी मागते. मागच्या पत्रात मी माझ्याच हुशारीवर खूश होते. ‘चूक तुझ्या टेबलावरून आली’ असं लिहिलं तेव्हा मला ती केवढी आनंदाची गोष्ट वाटली, आणि ते वाचून तुला काय वाटेल याचा विचारच केला नाही. मूर्खपणा माझा.

आणि चुकीचंच म्हणशील तर त्यात माझाही वाटा आहे. जानेवारीत मी तुला पानभर उपदेश केला आणि मुख्य गोष्ट सांगायची विसरले. उत्तर आलं की, बरोबर असो वा चूक, पोरीला विचारायचं, "कसं काढलंस?" एवढं विचारलं असतं तर पहिल्याच आठवड्यात तिने सांगितलं असतं, आणि दोघी हसून मोकळ्या झाला असता. तेव्हा आता तिला जवळ घे आणि हे विचार.

पण एक नीट समजून घे. आठ वर्षांच्या पोरीने परीक्षेच्या खोलीत, आई जवळ नसताना, एक नियम सहा वेळा न विसरता वापरला, आणि जिथे तो लागत नाही तिथे चार वेळा बाजूला ठेवला. हे ती तुझ्याकडून शिकली. शिकवलेलं असं पक्कं बसवणारी बाई म्हणते मी शिकवलं की बिघडतं? मला तुझा राग आलाय, आणि तुझा अभिमानही वाटतोय, दोन्ही एकदम.

बाईंना मी पत्र लिहिणार नाही. मागितलंस तरी नाही. माया काय असते हे मला सांगता येणार नाही, ते कात्री धरणाऱ्या माणसानेच सांगायला हवं. पाच दिवस आहेत. टेप कपाटातून काढ आणि जा.

बगळ्याचं पान सोबत आहे. रस्त्याच्या शिवणीचं उत्तर तूच दे, मी विचार करून थकले.

तुझी,
धरणावरची

२३ एप्रिल

वन्संना,

तुमचं पत्र वीस तारखेला मिळालं. ते मशीनखाली ठेवलं, परत काढलं, परत ठेवलं. मग बटणला बोलावून पडद्यांचं उदाहरण पुढे केलं आणि विचारलं, कसं काढलंस? ती म्हणाली, चार साते अठ्ठावीस, आणि एक शिवणीचा. माझ्याकडे असं बघत होती जणू मलाच येत नाहीये. मी तिला छातीशी धरलं आणि दोघी रडलो, मग दोघी हसलो. टेप तेव्हाच काढली.

एकवीसला सकाळी दुकानाला कडी लावली आणि आम्ही दोघी शाळेत गेलो. पिशवीत टेप, कात्री, एक चिंधी आणि पेपर. वर्ग रिकामा होता, फळ्यावर आदल्या दिवशीची बेरीज तशीच होती. बाईंनी मला पोरांच्या छोट्या खुर्चीवर बसवलं, माझे गुडघे हनुवटीला. बाई तरुण आहेत, आणि दमलेल्या दिसत होत्या. मी तोंड उघडलं आणि आवाजच येईना. मग चिंधी टेबलावर पसरली, हातात टेप धरली, आणि जीभ सुटली. सात इंच मोजून कापलं, कडा दुमडून टाचणी लावली आणि म्हटलं, बघा बाई, आता हे सहा झालं, म्हणून आम्ही आठ कापतो. पोरीला मी एक इंच वाढवायला शिकवलं, पण कुठे वाढवायचं नाही ते सांगायची राहिले. मग सहा उत्तरांखाली एकेक बोट ठेवलं.

बाई एकेक उत्तर तपासत गेल्या. सदतीस किलोमीटरवर आल्या तेव्हा त्यांचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं रागावल्या. पण त्या हसत होत्या, वन्सं, डोळे पुसत हसत होत्या. मग म्हणाल्या, "मी सहा चुकीच्या फुल्या मारल्या आणि एकदाही असं शेजारी शेजारी ठेवून बघितलं नाही."

त्यांनी तिथेच सहा नवी उदाहरणं फळ्यावर लिहिली, सगळी लांबीची. बटण खडू घेऊन उभी राहिली. मी टेप बोटाला गुंडाळत राहिले. पहिलं आलं, दुसरं आलं. तिसऱ्याला ती थांबली. ताटव्याभोवतीच्या दोरीचं होतं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ बाईंकडे वळून विचारलं, "बाई, हे शिवायचंय की नुसतं मोजायचंय?"

बाई म्हणाल्या, नुसतं मोजायचंय. पुढची चारही तिने धडाधड सोडवली. सहापैकी सहा. बाईंनी जुन्या पेपरवरचा आठ खोडला, शेजारी वीस लिहिला आणि खाली सही केली. काल यादी लागली. मी ती तीनदा वाचली, बटणने दोनदा, यांनी बस थांबवून एकदा. तिचं नाव त्यात नाही.

आता राहिलेलं सांगते. ते सांगायचं म्हणून तीन दिवस हे पत्र लिहितेय.

बाईंनी चौथीचा अर्ज भरायला दिला होता. त्यात एक रकाना होता, आईचं शिक्षण. लग्न ठरताना आमच्याकडून सातवी सांगितली होती, तुम्हालाही तेच माहीत आहे. ते खरं नाही. मी तिसरीत नापास झाले होते. माझा वर्ग पुढे गेला, मला धाकट्या पोरांत बसवलं. तिथे मी पंधरा दिवस बसले, सोळाव्या दिवशी गेले नाही, आणि का आली नाहीस म्हणून विचारायला कोणी आलं नाही. पुढचं लिहायला-वाचायला मी गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्यांवर शिकले. तुम्हाला एक पत्र लिहायला मला दोन-दोन दिवस लागतात. एवढी वर्षं कुणाला कळू नये म्हणून मी शाळेची पायरी चढले नाही, आणि पोरगी नापास झाली तेव्हा वाटलं, माझंच तिच्यात उतरलं.

त्या दिवशी बाईंसमोर मी त्या रकान्यात तिसरी असं लिहिलं. लपवायचा कंटाळा आला होता. पण घरात आता वाचणारं माणूस आहे हे विसरलेच. बटणने माझ्या खांद्यावरून वाकून मोठ्याने वाचलं, "आईचं शिक्षण, तिसरी." मग म्हणाली, "म्हणजे तू पण माझ्याच वर्गात होतीस. मग आता चल माझ्याबरोबर चौथीत. मी बसेन तुझ्याशेजारी."

मी हो म्हटलं, वन्सं. पुस्तकं सोमवारी मिळतील.

तुमची,
वहिनी